तिसरी लढत

घरातले सगळे एकाच दुपारी, न विचारता, हातात डबे घेऊन आले की दोनच शक्यता असतात: कोणीतरी गेलंय, किंवा कोणाला तरी वळवायचंय. थोरलीने दार उघडून जिन्यावरची रांग पाहिली आणि मनातल्या मनात हजेरी घेतली. धाकटा भाऊ होता, भावजय होती, त्यांची लेक आणि जावई होते, आणि सगळ्यात मागे कठड्याला धरून मामा चढत होते. सगळे जिवंत होते. म्हणजे वळवायचंय.

"सहज आलो, ताई," दातवाला म्हणाला. तो दातांचा डॉक्टर, आणि आपल्या भावाला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं थोरलीला आठवत नव्हतं. 'अजिबात दुखणार नाही' असं पेशंटला सांगताना त्याचा जो आवाज लागायचा, तोच आत्ता लागला होता.

"सहज म्हणून इतके डबे?"

"जेवायचं तर होतंच."

"आणि फाइल? ती कशाबरोबर खायची?"

फाइल जावयाच्या काखेत होती. जावई वकील. तो आधी हसायचा आणि मग बोलायचा, तसाच हसला. "आत्या, आधी निवांत जेवून घेऊ."

बाहेरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. मोहरीच्या रंगाचे, जाड, दुपारच्या उजेडाला जुन्या फोटोसारखा पिवळा करून आत सोडणारे. या पडद्यांबद्दल घरात कोणी बोलत नसे. मध्यंतरी ते विरले, तेव्हाही सगळं शहर पालथं घालून त्याच रंगाचं कापड आणलं गेलं. कारण ठरलं ते ठरलं.

ठरवण्याची पद्धत थोरलीचीच. ती नुकतीच लेक्चरर झाली तेव्हा या घरात जो मोठ्याने ओरडेल त्याचं चालायचं, आणि सगळ्यात मोठा आवाज वडिलांचा होता. तिने जेवणाच्या टेबलावर दोन मग ठेवले. एकेका मगाला एकेक प्रस्ताव. प्रत्येकाने आपला चमचा हव्या त्या मगात टाकायचा, उघडपणे, सगळ्यांदेखत. ज्यात कमी चमचे तो प्रस्ताव बाद. उरलेल्याची लढत पुढच्याशी. शेवटी टिकेल तो घराचा निर्णय, आणि मग कुरकुर करायची नाही. वडिलांनी कुरकुर केली, पण चमचा टाकला. तेव्हापासून लग्नं, गाड्या, ऑपरेशनं, कुत्र्याचं नाव, सगळं चमच्यांवर ठरलं. मामा फुटबॉलचे रेफरी, त्यामुळे शिट्टी त्यांच्याकडे गेली. त्यांना मत नव्हतं आणि नकोही होतं. रेफरीला मत असलं की सामना बिघडतो, असं ते म्हणत.

पडद्यांचंही तसंच ठरलं होतं. निळा, पांढरा आणि मोहरी असे तीन रंग. लढतींचा क्रम आईने लावला. आईला मोहरी हवा होता. तिने तो शेवटी ठेवला; निळा आधीच पांढऱ्याकडून हरला, आणि मग मोहरी जिंकला. थोरलीने निकाल मानला, पण डोक्यातला किडा काही जाईना. मोहरीची निळ्याशी गाठ पडली असती, तर निळा जिंकला असता. ती लढत झालीच नाही. त्या किड्यातून तिचा पहिला गाजलेला लेख निघाला, लेखातून पुस्तक, पुस्तकातून प्राध्यापकी. दूरदूरच्या विद्यापीठांतली माणसं त्याला 'तीन रंगांचा लेख' म्हणत. तो आपल्याच पडद्यांवर आहे हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण घरात तो कोणी वाचलाच नव्हता. बहिणीचं पुस्तक कपाटात असणं आणि ते वाचलेलं असणं, यात फरक करण्याची या घराला सवय नव्हती.

जेवण सुरू झालं. कोणीच मुद्द्याला हात घालेना. दातवाल्याने रश्शाची तारीफ केली. रस्सा त्याच्याच बायकोने केला होता, त्यामुळे ती दचकली.

"इतकं गोड बोलू नका हो," ती म्हणाली. ती शाळेत मुख्याध्यापिका. थोरली तिला हेडबाई म्हणायची, आणि हेडबाईंना ते आवडायचं. "ताई, सरळ सांगते. सगळे तुमच्या लेखासाठी आलेत."

"वाचला का कोणी?"

सगळे जेवू लागले.

लेख संध्याकाळच्या कॉलेजबद्दल होता. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी विद्यापीठाने चालवलेलं ते कॉलेज गेल्या वर्षी बंद झालं. थोरली त्याच कॉलेजात शिकलेली. दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून ती दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि संध्याकाळी, कान अजून गुणगुणत असताना, अर्थशास्त्र ऐकायची. ते बंद झालं म्हणून तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यावर लेख होत नाही. लेख झाला तो ते कसं बंद झालं यावर. विद्यापीठाच्या मंडळापुढे तीन प्रस्ताव होते: कॉलेज आहे तसं चालवा, निम्मं चालवा, किंवा बंद करा. कुलगुरूंनी आधी 'आहे तसं' आणि 'निम्मं' यांची लढत लावली; काटकसरवाल्यांनी 'निम्मं' निवडून आणलं. मग 'निम्मं' आणि 'बंद' यांची. ज्यांना पूर्ण कॉलेज हवं होतं त्यांतले काही चिडून म्हणाले, निम्म्या कॉलेजापेक्षा नसलेलं बरं, आणि 'बंद' जिंकलं. 'आहे तसं' आणि 'बंद' ही दोन कधी समोरासमोर आलीच नाहीत. आली असती तर कॉलेज वाचलं असतं. सभासदांच्याच भाषणांवरून आणि मतांवरून थोरलीने हे आकड्यांनी दाखवलं होतं.

कुलगुरूंनी लेख वाचला होता. हा थोरलीला पहिला धक्का होता.

"त्यांचं म्हणणं फार नाही," वकिलाने फाइल उघडली. "तुम्ही एक पत्र द्यायचं. आकडेमोडीत चूक सापडली, म्हणून लेख मागे घेते. बस्स. पुढच्या महिन्यात गोटीला कायम करतील. आणि तुम्ही निवृत्त झालात तरी तुमची खोली तुमच्याकडे, दारावर पाटी, मानद प्राध्यापक."

"पाटी पितळी की प्लास्टिकची?"

"आत्या."

"नाही, विचारते. किंमत कळायला हवी."

गोटी पानात बघत होती. ती दातवाल्याची मुलगी. लहानपणी गोल होती म्हणून गोटी, आता उभी आणि काटकुळी, तरी गोटीच. ती आत्याच्याच अर्थशास्त्र विभागात शिकवायची, दर सहामाहीला नवा करार करून. मुलं तिला 'करारवाल्या मॅडम' म्हणतात हे तिला माहीत होतं.

"आणि नाही दिलं पत्र?" थोरलीने विचारलं.

"सोमवारी तुमची निरोपाची परिषद आहे," वकील म्हणाला. "तिथे तुमचं शेवटचं व्याख्यान. कुलगुरू पहिल्या रांगेत. तुम्ही तिथे हाच लेख वाचणार, अशी कुणकुण त्यांना लागलीये. तसं झालं तर पाटीही नाही आणि गोटीचा करारही नाही."

"ताई, तुझं झालं आता सगळं," दातवाला म्हणाला. "नाव झालं, पुस्तकं झाली. पोरीचं अजून सुरू व्हायचंय. एका सहीचा प्रश्न आहे. चूक काय, माणसाची होते. मी एकदा शेजारचा दात काढला होता."

"तो परत बसवलास?"

"नाही. पण माफी मागितली."

"काढला होतास म्हणून मागितलीस ना? न काढता मागितली असतीस का?"

हेडबाई मध्ये पडल्या. "दोन्ही टोकं नकोत. खोटं लिहू नये आणि खरं ओरडत सुटू नये. ताई, सही करू नका. सोमवारी दुसऱ्याच कशावर तरी बोला. महागाईवर बोला, लोकांना आवडतं. लेख राहील पडून, त्यांचाही राग निवेल."

"आणि माझं काय, आई?" गोटी पहिल्यांदा बोलली. "गप्प बसलं की ते मला काढणार नाहीत आणि घेणारही नाहीत. दर सहामाहीला तीच खुर्ची, तोच क्लार्क, तेच 'बघू मॅडम'. मला लटकायचं नाहीये."

तिला काय हवंय ते मात्र ती बोलली नाही, आणि थोरलीने विचारलं नाही. विचारायची भीती वाटली, हे तिने स्वतःशी 'योग्य वेळ नव्हती' असं नोंदवलं.

"चमचे टाकूया," वकील म्हणाला.

थोरलीला कळलं की एवढ्यासाठीच सगळे आले होते. भांडून ती कोणाचं ऐकणारी नव्हती. चमच्यांचं मात्र तिने आजवर ऐकलं होतं, पडद्यांसकट. चमच्यांनी 'सही कर' म्हटलं तर ती सही करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

मामांनी खिशातून शिट्टी काढली. ते निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण शिट्टी निवृत्त झाली नव्हती. "प्रस्ताव सांगा."

"तीन आहेत," वकील बोटांवर मोजत म्हणाला. "सही. गप्प. आणि वाचन, म्हणजे सोमवारी कुलगुरूंसमोर हाच लेख वाचायचा. क्रम मी सुचवतो. आधी गप्प विरुद्ध वाचन. मग जो टिकेल तो विरुद्ध सही."

"हरकत?" मामांनी विचारलं.

थोरली गोटीकडे बघत होती. तिने हरकत घेतली नाही.

शिट्टी वाजली. चमचे धुऊन आणले होते. हेडबाईंना रश्शाचा चमचा मतदानात चालत नसे. थोरलीने आपला चमचा वाचनाच्या मगात टाकला. गोटीनेही तिथेच टाकला. पण वकील, दातवाला आणि हेडबाई, तिघांचे चमचे गप्पच्या मगात गेले.

"वाचन बाद," मामा म्हणाले. "पुढची लढत. गप्प विरुद्ध सही."

थोरलीने गप्पमध्ये टाकला. हेडबाईंनीही. वकील आणि दातवाला, सही. राहिली गोटी. तिने चमचा हातात धरला होता, जेवायला बसलेल्या मुलाने पालेभाजीपुढे धरावा तसा.

"टाक ग," दातवाला म्हणाला. त्याचा तोच आवाज. दुखणार नाही.

गोटीने चमचा सहीच्या मगात टाकला. आवाज बारीकसा झाला, पण सगळ्यांनी ऐकला.

"सॉरी, आत्या," ती म्हणाली. "लढायचं नसेल तर निदान संपवून टाकू."

"सही जिंकली," मामांनी शिट्टी फुंकली, नेहमीपेक्षा हळू.

वकिलाने पत्र पुढे सरकवलं, वर पेन ठेवलं. पेनचं टोपण आधीच काढलेलं होतं. थोरलीने चष्मा लावून पत्र वाचलं. वाईट लिहिलेलं नव्हतं. खोटं बहुतेक वेळा बरं लिहिलेलं असतं, कारण त्याला वेळ दिलेला असतो. तिने पेन उचललं. दातवाल्याने श्वास सोडला. हेडबाई उठून भांडी गोळा करू लागल्या, मोठा आवाज करत.

थोरलीने पेन कागदाला लावलं आणि समोर बघितलं. वकिलामागे पडदा होता. मोहरी.

"जावईबापू," ती म्हणाली, "क्रम तुम्ही लावलात."

"हो. कोणीतरी लावायलाच हवा."

"सही शेवटी ठेवलीत."

"कुठेतरी ठेवायलाच हवी."

"आणि वाचनाची नि सहीची गाठच पडली नाही." तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही माझं पुस्तक वाचलंय."

वकील आधी हसला नाही. या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच झालं. त्याचे कान लाल झाले. "चौथं प्रकरण," तो म्हणाला. "दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभरात घरातल्या एका माणसाने तिचं पुस्तक वाचलं होतं, समजून घेतलं होतं, वापरलंही होतं. आणि तो जावई निघाला. तिला राग यायला हवा होता. आला तो अभिमान, तोही नको त्या ठिकाणी.

"छान समजलंय तुम्हाला," ती म्हणाली. "वर्गात असतात तर पहिला नंबर दिला असता. मामा, अजून एक लढत लावा. सही विरुद्ध वाचन."

"वाचन बाद झालंय, पोरी," मामा म्हणाले. "बाद झालेला संघ फायनलला येत नाही."

"असं नियमात कुठे लिहिलंय?"

मामांनी विचार केला. "नियम लिहिलेलेच नाहीत. तू तोंडी सांगितले होतेस."

"मग तोंडीच सांगते. लावा लढत."

"हे बरोबर नाही, ताई," दातवाला म्हणाला. "हरलं की नवा डाव?"

"हरले असेन तर या लढतीतही हरेन. तुला कशाची धास्ती?"

मामांनी शिट्टी वाजवली. गोटीचा चमचा सगळ्यात आधी पडला, वाचनात, शिट्टी संपायच्याही आधी. थोरलीचा त्याच्या मागोमाग. वकील आणि दातवाला, सही. हेडबाई हातात भांड्यांची चळत घेऊन दारात उभ्या होत्या.

"मला दोन्ही नको आहे," त्या म्हणाल्या.

"दोनच मग आहेत, वहिनी," थोरली म्हणाली.

हेडबाईंनी भांडी ठेवली, पत्र उचललं आणि विद्यार्थ्याची वही तपासावी तसं वाचलं. "आकडेमोडीत चूक," त्या म्हणाल्या. "ही आकडेमोड कोणी केली?"

"मी केली," गोटी म्हणाली. "लेखावर दुसरं नाव माझंच आहे, आई. पहिल्याच पानावर."

"मला माहीत आहे. मी पहिलं पान वाचलंय. तेवढंच कळलं." हेडबाई नवऱ्याकडे वळल्या. "पोरीला कायम करायला, पोरीला गणित येत नाही असं लिहून द्यायचं. तेही आकडे शिकवायच्या नोकरीसाठी. हे तुम्हाला दातातून सुचलं का?"

"कागदावरचं कोण बघतंय," दातवाला पुटपुटला.

"मी बघते. आयुष्यभर तेच बघत आले." त्यांनी आपला चमचा वाचनाच्या मगात टाकला. टाकला म्हणण्यापेक्षा आपटला.

"वाचन जिंकलं," मामा म्हणाले, आणि गोंधळून दोन्ही मगांकडे बघू लागले.

वकील सावरला होता. "ठीक. मग पुन्हा गप्प विरुद्ध वाचन लावा. मघाशी गप्प जिंकलं होतं."

"जिंकेल परत," थोरली म्हणाली. "मग मी सही विरुद्ध गप्प लावेन, सही जिंकेल. मग वाचन. मग तुम्ही गप्प. रस्सा संपेपर्यंत फिरत बसू."

"हा काय प्रकार आहे?" मामांनी विचारलं. "तिन्ही संघ जिंकतात आणि तिन्ही हरतात?"

"मामा, मला पगार याचाच मिळाला आजवर."

"मग निकाल काय देऊ?"

"निकाल नाही. या घराला मत नाही." ती उभी राहिली. "वहिनींना मत आहे, जावईबापूंना आहे, मला आहे. सगळ्यांची मिळून जी मोळी होते तिला मत नसतं. जो मोळी बांधतो, त्याचं असतं. आईचं होतं, कुलगुरूंचं आहे, आज यांचं होतं. आणि ते बांधून आणून म्हणायचं, सगळ्यांनी ठरवलं."

"म्हणजे चमचे मानणार नाहीस?" दातवाला म्हणाला. आवाजातला दवाखाना गेला होता. आता तो नुसता धाकटा भाऊ होता. "नियम तुझा, ताई."

"माझाच. म्हणून मीच मोडते. दुसऱ्या कोणाला त्रास नको." तिने पत्राची घडी घातली आणि जावयाच्या फाइलमध्ये नीट ठेवली. "हे परत द्या. कुलगुरूंना सांगा, सोमवारी पहिल्या रांगेत बसा, मागे नीट ऐकू येत नाही."

मग ती गोटीकडे वळली. मघाशी विचारायला घाबरलेला प्रश्न आता विचारणं भाग होतं, आणि तो विचारल्याशिवाय वरचं सगळं बोलणं म्हणजे नुसतं भाषण होतं.

"तुझी नोकरी जाईल," ती म्हणाली.

"बहुतेक."

"बहुतेक नाही. जाईल. माझी निवृत्ती आहे, माझं काय जातंय. जाणार तुझं आहे. तुझं नाव गाळून वाचू शकते मी."

गोटीने मगातून आपला चमचा काढून घेतला आणि पुसला. "आकडे मी काढलेत, आत्या. तुम्हाला तिसरा तक्ता नीट समजावता येत नाही, तुम्ही दर वेळी घाई करता. तेवढा तक्ता मी वाचते."

"स्टेजवर?"

"मग काय टेबलाखालून?"

"आमच्या दवाखान्यात काउंटरला जागा आहे," दातवाला खिन्नपणे म्हणाला. त्याला हे विनोदाने म्हणायचं होतं की गंभीरपणे, ते त्यालाही नक्की ठरवता आलं नसतं.

"बाबा, तुमच्या काउंटरला मी बसले तर पेशंटना कळेल कुठला दात काढायचा होता."

मामा हसले. हेडबाईही हसल्या, तोंडावर पदर न घेता. वकिलाने फाइल बंद केली. "आत्या," तो म्हणाला, "करार मध्येच तोडला, तर त्यावर दावा लावता येतो. मी लढेन. फुकट नाही, पण लढेन."

"सहाव्या प्रकरणापर्यंत वाचा आधी," थोरली म्हणाली. "बाजू बदलणाऱ्यांबद्दल तिथे आहे."

ती खिडकीपाशी गेली. तिथलं स्टूल ओढलं, त्यावर चढली. गोटीने न सांगता स्टूल धरलं. पडद्याच्या कड्या दांड्यावर गंजल्या होत्या. पहिल्या झटक्याला हलल्या नाहीत. दुसऱ्याला पडदा धुळीसकट खाली आला, आणि खोलीत साधा पांढरा उजेड पडला. टेबलावरचे मग, चमचे, थंड झालेला रस्सा, दातवाल्याचं टक्कल, सगळं जसं होतं तसं दिसलं.

"समोरचे लोक बघताहेत," दातवाला म्हणाला.

"बघू देत."

मामांनी सवयीने शिट्टी तोंडाशी नेली. "यावर मतदान?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि दुसऱ्या पडद्याला हात घातला.